दोन बोटं माया

रायच्या इगर्जीसमोर आमचं शिंप्याचं दुकान.
बाबांची मापांची वही अजून गल्ल्याखाली आहे,
पुठ्ठा कापडी, कणा तुटलेला,
आणि त्यात गाणाऱ्यांची पानं वेगळी.
इतर गिऱ्हाइकांना छातीचं एकच माप.
यांना दोन : श्वास सोडून, श्वास भरून.
नाहीतर फेस्ताच्या मिसेला
वरच्या कोरातून बटणं पडतील
खाली बायकांच्या डोक्यांवर, बाबा म्हणायचे.

पहिलं पान, अठ्ठावन्न साल.
सिप्रियान : एक्केचाळीस. भरून चव्वेचाळीस, वर एक रेघ.
बोस्त्यांव. रुझार. इनास आणि लिगोर, सख्खे भाऊ.
गटाचं नाव 'पाच आवाज'.
गायचे लॅटिन, अर्थ एकट्या लिगोरला कळे,
तोही सेमिनारीतून पळून आलेला,
म्हणून अर्धाच.

एकसष्टच्या डिसेंबरात विमानं फिरली,
इस्त्री केलेले पाच कोट खुंटीवर तसेच राहिले.
नाताळच्या आदल्या रात्री चौघे आले.
रुझार निघून गेला होता, आधी लिस्बन, मग बैरा,
असं नंतर कळलं.
नाव बदललं नाही.
पाचवा कुठे, असं विचारलं की बोस्त्यांव बोट वर करायचा,
देवाकडे की गळक्या कौलांकडे
ते त्याचं त्यालाच ठाऊक.

मग मिस कोंकणीत आली.
लिगोर रुसला : आता सगळ्यांनाच कळतं,
मग माझं काय काम?
तीन वर्षं तो मागच्या बाकावर बसून
ओठ मिटून खालचा सूर धरत असे,
आणि सगळे जण
ऐकू येत नसल्यासारखं करत.

एकोणऐंशीच्या पानावर अक्षर बदलतं.
पेन्सिलीचं, आईचं.
आवेलिन, सिप्रियानची भाची. बाबा टेप धरायला लाजले.
फ्रॉक नको, ती म्हणाली, कोटच.
पाद्री आठवडाभर बोलला नाही.
फेस्ताला बोलला.

पुढची पानं भराभर उलटतात.
कुवेत, बाहरीन, बोटीवर, पुन्हा बोटीवर.
इनासचा मुलगा गिटार घेऊन आला
आणि अर्धे आवाज घेऊन मडगावला गेला,
लग्नांत गाणारे, चकाकत्या कॉलरचे 'पाच आवाज'.
एकाच फेस्ताला दोन्हीकडचे कोट माझ्याकडे.
दोन्ही एकाच रिळाने शिवले,
उधारी दोघांनीही ठेवली.

सिप्रियानचं शेवटचं माप माझ्या हातचं आहे.
सदतीस.
भरून,
सदतीस.
मी टेप पुन्हा लावली. तो हसला,
बाबांसारखा हट्टी आहेस, म्हणाला.
त्या कोरेज्मात तो गायला नाही,
मोतेत संपेपर्यंत उभा मात्र राहिला.
कोट मातीत नको, असं सांगून ठेवलं होतं.

परवा आवेलिनचा नातू आला, जॉयसन,
वेर्ण्याच्या कंपनीत रात्रपाळी करतो.
आता ते तिघेच,
चौथा स्विंडनहून फोनवर गातो,
अर्धा श्वास उशिरा,
बाकीचे त्याच्यासाठी थांबायला शिकलेत.
कोट थोडा मोठा होईल का?

शिवण उसवली.
बाहेरचं काळं कापड
कधीच काजूच्या बोंडाच्या डागासारखं तांबूस झालेलं,
आत मात्र बाबांनी ठेवलेली दोन बोटं माया
अठ्ठावन्न सालाइतकी काळी.
साठ वर्षं उन्हात आलीच नव्हती.

श्वास भर, म्हटलं.
भरला.
अजून.
टेप माझ्या अंगठ्याखालून सरकत राहिली.
सगळी माया सोडली तर जेमतेम बसेल,
आणि मग त्या कोटात काही उरणार नाही
पुढच्यासाठी.
हे त्याला सांगितलं नाही. आकडा लिहिला,
वर रेघ मारली,
आणि बुधवारी ये म्हटलं,
म्हणजे गुरुवारी.